सोपानरावांची मिशी आणि छपराचा चमचा

चतुराबाईपुढं वस्तू ठेवली आणि तिला तिचं काम सांगता आलं नाही, असं रहाटणीत कधी घडलं नव्हतं. शाळा म्हणाल तर दुसरी, तीही अर्धी. पण मोटेची मोडकी कडी असो, शिवणयंत्राच्या पोटातला पुर्जा असो, नाहीतर तिचा एकुलता एक ज्ञानदेव कंपनीतून खिशात विसरून आणायचा तो लोखंडी तुकडा असो, बाई तो हातात घ्यायची, उलटापालटा करायची, कडेनं अंगठा फिरवायची आणि सांगून मोकळी व्हायची. "झिजलीय कुठं ते बघावं," असं तिचं म्हणणं. "माणूस खोटं बोलंल, पर झीज खोटं बोलत न्हाई." एकदा ज्ञानदेवाच्या फोरमननं मुद्दाम एक चकती पाठवली होती. बाईनं ती हुंगली, नखानं खरवडली आणि निरोप धाडला की ही जिथं बसते तिथलं तेल संपलंय, आधी ते घाला. फोरमननं घातलं. तेव्हापासून त्या खात्यात एखादं मशीन रुसलं की लोक म्हणायचे, ज्ञानदेवाच्या आईला बोलवा.

आता अशा बाईनं गर्व करू नये असं ज्यांना वाटतं, त्यांनी तो खुशाल आपल्या घरी करू नये. चतुराबाईला गर्व होता आणि तो तिला नाकातल्या नथीसारखा शोभत होता.

तिच्या गर्वाची दुसरी वस्तू नवऱ्याच्या तोंडावर होती. सोपानराव अंगानं काटकुळे, आवाजानं त्याहून बारीक. पण नाकाखाली मिशी अशी, की घारीनं पंख पसरून ठेवावेत. त्रेसष्ट साली कंपनीचं गेट उभं राहिलं तेव्हा वॉचमनच्या भरतीला दोनशे माणूस रांगेत होतं. साहेब रांगेवरून चालत आला, सोपानरावांपुढं थांबला, काही विचारलं नाही, नाव लिहून घेतलं आणि पुढं गेला. तेव्हापासून गेटावर मिशी उभी असायची आणि तिच्यामागं सोपानराव. ट्रकवाले न विचारता कागद काढायचे.

खोड म्हणाल तर एकच. कढी, चहा, खीर, जे पातळ ते आधी मिशीला लागायचं. सोपानराव जेवायचे आणि मिशी प्यायची. म्हणून लग्न झाल्यापासून चतुराबाई जेवताना नवऱ्याच्या डाव्या हाताला बसायची, पदराचं टोक बोटांत तयार ठेवायची, आणि दर दोन घासांनी ती मिशी पुसायची. दुसरीकडं बघत, गप्पा मारत, सुनेला ओरडत पुसायची. एकतीस वर्षांत तिचा हात एकदा चुकला नव्हता.

चुकला तो फक्त ज्ञानदेवाच्या लग्नात. त्या दिवशी ती वऱ्हाडाचं बघत होती, पदर हजर नव्हता, आणि मिशीनं बासुंदीचे दोन ओघळ सोडले ते नेमके विहीणबाईंच्या नव्या इरकली लुगड्यावर. विहीणबाई म्हणजे चिंचवडच्या गिरजाबाई, सून नीलाची आई. बाई वाईट नव्हती, पण तिच्या जिभेला हाड नव्हतं. चतुराबाईच्या जिभेला होतं, आणि ते समोरच्याच्या घशात अडकायचं. अशा दोघींच्या मधे ते लुगडं दोन वर्षं वाळत पडलं होतं.

तर चौऱ्याहत्तर सालच्या फाल्गुनात ज्ञानदेवाच्या लेकीला, रंभाला, सातवा महिना लागला आणि तिचं उष्टावण ठरलं. पोरीच्या तोंडाला पहिल्यांदा अन्न लावायचं, मामानं मांडीवर घ्यायचं आणि चांदीच्या वाटीतली खीर चांदीच्या चमच्यानं भरवायची. रविवार होता. पंगत दुपारी बारालाच धरली होती, कारण तीनच्या पाळीला सोपानरावांना गेटावर उभं राहायचं होतं. वाटी-चमचा आजोळचा असायचा हा रिवाज. गिरजाबाई पुण्याच्या सराफाकडून नवीकोरी जोडी गुलाबी कागदात बांधून घेऊन आल्या आणि सगळ्यांना दिसेल अशी पाटावर ठेवली. वाटीत तोंड दिसत होतं.

चतुराबाईनं ती बघितली, चांगली हाय म्हणाली, आणि आत जाऊन पेटी घेऊन आली.

पेटीची गोष्ट गावाला ठाऊक होती. तिचे सासरे धोंडीबा खडकीला एका गोऱ्या साहेबाच्या बंगल्यावर दूध घालायचे. साहेबाचं पोर तापानं फणफणलं तेव्हा सासूबाई अंबुबाई आठ दिवस त्याच्या उशाशी बसल्या होत्या. सत्तेचाळीस साली साहेब बिऱ्हाड गुंडाळून निघाला तेव्हा मडमेनं डोळे पुसत ही पेटी अंबुबाईच्या हातात दिली. आत निळी मखमल, आणि मखमलीत साहेबाच्या आजोबाच्या वेळची चांदीची जेवणाची भांडी. भांडी म्हणजे आपल्यासारखी ताट-वाटी नव्हे. कसली तरीच. सासूनं ती कधी वापरली नाहीत, चतुराबाईनंही नाही. दिवाळीला चिंच लावून घासायची आणि परत मखमलीत निजवायची.

आज तिनं पेटी उघडली आणि म्हणाली की पोरीच्या पणजीला मिळालेली चांदी घरात असताना उष्टावण तिच्यानंच होईल.

गिरजाबाई वाकल्या. चिमट्यागत एक, कात्रीगत एक आणि एक वेडाबागडा चमचा. त्यांनी पदर तोंडाला लावून हसू आवरल्यासारखं केलं, म्हणजे सगळ्यांना दिसेल असं हसल्या.

"चांदी जुनी हाय, न्हाई कशी म्हनू," त्या म्हणाल्या. "पर विहीणबाई, हे काय कामाचं ते तरी तुमाला ठाव हाय का? जिचं काम मालकिणीला ठाव न्हाई ती चांदी न्हवं, अडगळ."

पंचवीस बायका, पंधरा पुरुष. चुलीवर खीर रटरटत होती.

चतुराबाईचे कान तापले. आणि तिच्या तोंडून जे गेलं ते तिनं स्वतः इतरांबरोबरच पहिल्यांदा ऐकलं.

"ह्यातल्या एका जरी वस्तूचं काम मला सांगता आलं न्हाई, तर पंगत उठायच्या आत ह्यांची मिशी उतरवून तुमच्या पदरात घालीन."

बाहेर ओट्यावर सोपानराव पान लावत होते. चुना लावलेलं बोट तसंच वर गेलं आणि मिशीवर जाऊन टेकलं.

गिरजाबाईंनी सौदा सोडला नाही. त्या म्हणाल्या, चालंल. आणि सांगितलंत तर ह्या सगळ्या पंगतीदेखत म्हणेन, की चतुराबाईला कळतं, मला कळत न्हाई. हे ऐकून नीलाच्या हातातला डाव खिरीत पडला. आपल्या आईच्या तोंडून असलं वाक्य निघण्यापेक्षा सासऱ्याची मिशी उतरणं सोपं, हे तिला चांगलं माहीत होतं.

पंच कोण? सगळे एका तोंडानं म्हणाले, आबाजी. आबाजींनी देहूरोडच्या लष्करी मेसमधे तीस वर्षं साहेब लोकांना वाढलं होतं, काट्यानं खाणारे आणि सुरीनं खाणारे सगळे बघितले होते. पांढरा फेटा सावरत ते पुढं आले आणि दोन्ही विहिणींपासून सारखं अंतर ठेवून बसले. त्यांनी सत्तरी उगाच गाठली नव्हती.

किसन न्हाव्यालाही गिरजाबाईंनी पुढं बोलावून घेतलं. तो जेवायला आला होता बिचारा, पण धोकटी न्हाव्याच्या जातीनं कधी घरी ठेवलेली नसते. कंपनीच्या गेटासमोर त्याचं दुकान होतं आणि समोर उभी असलेली ती मिशी ही त्याच्या दुकानाची पाटी होती. दर शनिवारी तो ती कातरायचा, तेल लावायचा, आणि गिऱ्हाइकांना बोटानं दाखवायचा. वस्तऱ्याला धार लावताना त्याचा हात असा चालत होता, जणू स्वतःच्याच मानेसाठी लावतोय.

पहिला चिमटा. बायका म्हणाल्या, निखारा धरायचा असेल, साहेबाच्या हुक्क्याचा. चतुराबाईनं तो दोन बोटांत धरून दाबला. म्हणाली, चांदी आगीपाशी नेली तर निखाऱ्याच्या आधी धरणाराचा हात भाजंल, साहेब गोरा असला तरी त्याला कातडी होतीच की. टोकाला पक्ष्याच्या पायासारखी नखं होती, बारीक. म्हणजे धरायची ती वस्तू छोटी, निसटणारी आणि बोटांनी शिवायची नाही अशी. सासूबाई सांगायच्या, मडमेची साखर फाशांसारखी चौकोनी असायची.

"साखरेच्या वडीचा चिमटा," ती म्हणाली.

आबाजींनी मान हलवली. बरोबर.

दुसरी कात्री. ह्यावर पुरुष बोलू लागले. कुणी म्हणालं सुपारीची, कुणी म्हणालं दिव्याची वात छाटायची. चतुराबाईनं पातं अंगठ्यावर ओढलं, बोथट. पातं आखूड आणि दांडे लांब. मुठीवर वेल कोरलेली आणि वेलीला घोस. तिनं दांडे लांब का असावेत ह्याचा विचार केला. लांब दांडा म्हणजे हात आत घालायचा नाही, बाहेरूनच आतलं तोडायचं. म्हणाली, ही द्राक्षाची. घड ताटात ठेवायचा आणि ज्यानं त्यानं आपल्या वाट्याची फांदी कातरून घ्यायची, म्हणजे दुसऱ्याची द्राक्षं चिरडत नाहीत. आपल्याकडं घड आला की चार पोरं चार बाजूंनी तुटून पडतात, साहेबाच्या पोरांना तेवढी भूक नसावी.

आबाजी हसले. बरोबर. बाहेर ओट्यावर सोपानरावांनी पान तोंडात घातलं.

आणि मग गिरजाबाईंनी पेटीत बोट घातलं. त्यांची नजर म्हणजे मोहरीच्या पोत्यातला खडा शोधणारी.

"मखमलीत खाचा चार हायेत," त्या म्हणाल्या. "वस्तू तीन. चौथी कुठं गेली, विहीणबाई?"

चतुराबाईनं पेटीचं झाकण अर्धं ओढून घेतलं. तिनं बघितलं नाही, पण तिच्या न बघण्यावरूनच सगळ्यांनी बघितलं. देवघराकडं.

देवघरात टाकांच्या शेजारी साती आसरा होत्या. पाण्याच्या सात बहिणी. विहिरीला पाणी लागावं, पोराबाळांना बाधा होऊ नये, म्हणून अंबुबाईनं त्या बसवल्या होत्या. चार गोळ्यांच्या पायांवर चांदीची एक पट्टी, आणि पट्टीवर ओळीनं सात कमानी उभ्या. सात म्हणजे सात बहिणी. अंबुबाईला शंका कसली ती आली नव्हती. सत्तावीस वर्षं त्यांना हळदकुंकू लागत होतं. गावातल्या लेकुरवाळ्या दर अमावस्येला दहीभात घेऊन येत होत्या. कमानी पिवळ्याधमक झाल्या होत्या.

आबाजी उठून देवघरापाशी गेले, हात जोडले, निरखून बघितलं, आणि परत आले तेव्हा ते आपल्या फेट्याचा शेमला चावत होते. त्यांचे खांदे हलत होते.

इथं चतुराबाईला दोन वाटा होत्या. ही देवीच, असं म्हणावं तर पैजेत हार, मिशी गेली. काम सांगावं तर सासूची देवी गेली. ती उठली, देवीला नमस्कार केला आणि परत येऊन बसली.

म्हणाली, पेटी घरात आली त्या पहिल्या दिवाळीला मी ही घासायला घेतली. कोपऱ्याकोपऱ्यात काळे कण होते. मी हुंगले. भाजलेल्या भाकरीच्या पापुद्र्याचा वास. भाकरी भाजून आडवी ठेवली की घाम येऊन मऊ पडते, म्हणून आपण ती चुलीच्या कडेला उभी करतो. साहेबाची भाकरी म्हणजे पाव. तेव्हा ह्या सात कमानींच्या मधे भाजलेल्या पावाचे सहा काप उभे राहत होते, हे मला तेव्हाच कळलं. सासूबाईंना सांगितलं नाही. त्यांनी नवस बोललेला होता आणि विहिरीला पाणी लागलेलं होतं.

"टोस्ट रॅक," आबाजी कसेबसे म्हणाले, आणि शेमला तोंडातून सुटला तसं हसूही सुटलं.

गिरजाबाई तर पाटावरून घसरल्याच. म्हणजे सत्तावीस वर्षं पावाच्या घोडीला दहीभात, असं काहीतरी त्या बोलत होत्या, पण निम्मे शब्द हसण्यात बुडत होते. मागं बसलेल्या लेकुरवाळ्या एकमेकींकडं बघू लागल्या. दहीभात त्यांचाच होता.

"विहीणबाई," चतुराबाई शांतपणे म्हणाली, "वावरातल्या धोंड्याला शेंदूर लावला की म्हसोबा व्हतो. ही तर चांदी हाय. साहेबाच्या घरी तिच्यात पाव उभा ऱ्हायला, माझ्या घरी सात बहिणी उभ्या ऱ्हायल्या. तिला कोन आवडलं ते तिला इचारा."

लेकुरवाळ्यांनी एकदम व्हय व्हय केलं, आणि एकीनं तर लगेच उठून देवीला फूल वाहिलं. देवी वाचली. तीन वस्तू झाल्या. राहिला चमचा.

चमचा जड होता, गर्व वाटावा असा. पण त्याच्या वाटीच्या डाव्या कडेवर चांदीचीच एक पट्टी जोडलेली होती, घराच्या वळचणीवर छप्पर यावं तशी. छपराखाली फट. चमच्याला छप्पर कशाला? पाऊस पडणार होता का त्यात?

चतुराबाईनं अंगठा फिरवला. दांड्यावरची नक्षी ठसठशीत होती, वाटीच्या पाठीवरची पण. छपरावरची मात्र झिजून पुसट झालेली. जणू कुणी त्याच्यावर वर्षानुवर्षं मऊ कुंचा फिरवला होता. कुंचा का फिरवावा? घासायला? मग बाकीचं का नाही घासलं?

तिला कळेना. आणि कळेना ही गोष्ट तिला इतकी अनोळखी होती, की आधी तिला वाटलं उन्हानं भोवळ येतेय.

मग सगळी पंगतच चमच्यामागं लागली. एकीनं सांगितलं, दुधावरची साय काढायचा. नीलानं पातेलं आणलं, साय छपरावर चढून बसली आणि खालचं दूधही तिच्याबरोबर चमच्यात आलं. आबाजींनी मान हलवली. दुसरी म्हणाली, तूप वाढायचा, माशी पडू नये म्हणून वर झाकण. तूप वाढलं तर ते फटीतून भातावर पडायच्या ऐवजी वाढणारीच्या कोपरापर्यंत गेलं. तिसरीनं बाळगुटीचा ठरवला. रंभाच्या तोंडाजवळ नेला, तिनं छप्पर बघितलं आणि असा भोंगा काढला, की दोघेतिघे पाळी सुटली म्हणून उठले. ज्ञानदेव म्हणाला, ह्याला वंगणाचा पळा म्हणतात, खाली ग्रीस जातं आणि कचरा वर अडतो. चतुराबाईनं त्याच्याकडं बघितलं आणि तो वाढायला निघून गेला.

आबाजींना विचारलं. त्यांनी हात जोडले. आपण असा चमचा मेसमधे बघितला नाही म्हणाले. आपल्या वेळचे साहेब रोज सकाळी दाढीमिशी गुळगुळीत करून जेवायला यायचे आणि साधे चमचे वापरायचे. खरं काम सापडलं तर आपल्याला पटेल, एवढंच आपण म्हणू शकतो.

पंगत बसली. पानं वाढली. पंगत उठेपर्यंतची मुदत, आणि भात संपत आला होता. गिरजाबाई एकेक शीत मोजल्यासारखं खात होत्या, पण पुरुषांच्या ओळीला त्यांनी दोनदा आग्रह केला की आटपा, सोपानरावांना पाळी आहे. किसनानं वस्तरा मिटला, उघडला, मिटला.

चतुराबाई नवऱ्याच्या डाव्या हाताला येऊन बसली. एकतीस वर्षांत पहिल्यांदा तिला त्या मिशीकडं बघवेना. तीनला ह्यांनी गेटावर उभं राहायचं, उघड्या ओठानं. ट्रकवाले विचारतील, वॉचमन कुठाय? आणि हे त्या बारीक आवाजात म्हणतील, मीच. तिला आत कुठंतरी गलबलून आलं, आणि गलबलून आलं की ती ओरडायची.

"काय बघताय?" ती म्हणाली. "तुमीच न्हाई म्हणायचं व्हतं."

सोपानराव म्हणाले, "तू पैज लावलीस. मी न्हाई म्हटलं असतं तर तुजा सबूद गेला असता. मिशी काय, परत उगवंल." मग त्यांनी जरा विचार केला. "तेवढी खीर आधी वाढ. शेवटची तिलाबी मिळू दे."

पलीकडून गिरजाबाई म्हणाल्या, वाढा, पण चमच्यानं खायला सांगा, मी आजही नवं लुगडं नेसलेय. हशा झाला. चमचे सगळे पंगतीत गेले होते. चतुराबाईच्या मांडीवर तो एकच पडलेला. तिनं तो रागानं नवऱ्याच्या वाटीत खुपसला आणि म्हणाली, खा ह्या मेल्यानंच, ह्याच्यापायीच जातेय.

सोपानरावांनी चमचा उजव्या हातात धरला. खीर भरली. तोंडाशी नेली, सुर्रकन ओढली. दुसरा चमचा भरला. ओढला. चतुराबाई दुसरीकडं बघत होती. हाताला सवय होती, दोन घास झाले तसं पदराचं टोक आपणहून वर गेलं आणि मिशीवरून फिरलं.

कोरडं.

हात थांबला. तिनं पदर बघितला. स्वच्छ. पुन्हा फिरवला. कोरडा ठक्क. सोपानरावांनी तिसरा चमचा उचलला आणि ह्या वेळी ती डोळे फाडून बघत राहिली: मिशी खाली आली, छपरावर टेकली, कोंबडी खुराड्यावर बसावी तशी ऐटीत बसली, आणि तिच्या पोटाखालून, फटीतून, खीर गुपचूप आत गेली. मिशी उठली. छप्पर पुसलं गेलं. मऊ कुंचा फिरवल्यासारखं.

चतुराबाईनं पदराचं टोक तोंडात कोंबलं. मग एक खुसखुस आली, मग दुसरी, आणि मग ती बाई, जिला गावानं दात दाखवून हसताना कधी बघितलं नव्हतं, पाटावर मागं कलंडून अशी हसली, की डोक्यावरचा पदर खाली आणि नथ गालावर.

"मिशीचा," ती म्हणाली. "अवो, मिशीचा चमचा हाय ह्यो. मिशी वर ठेवायची, खीर खालनं न्यायची. साहेबाच्या आज्याला मिशी व्हती आन मडमेचा पदर नव्हता पुसायला."

सोपानराव थांबले. मिशीवरून बोट फिरवलं, बोट बघितलं, आणि आनंदानं पुढचे सात चमचे एका दमात ओढले.

आबाजी उठून उभे राहिले. म्हणाले, मेसच्या भिंतीवर जुन्या साहेबांच्या तसबिरी होत्या, एकेकाची मिशी ह्या कानापासून त्या कानापर्यंत. मी तीस वर्षं त्यांच्यावरची धूळ झटकली आणि ही माणसं रस्सा कशी पीत असतील हा विचार मला एकदाही आला नाही. पटलं. शंभर टक्के पटलं.

गिरजाबाई म्हणाल्या, असं कसं, एखाद्या वेळी कोरडी राहिली असेल. मग किसनाची मिशी पुढं झाली. आधी गिरजाबाईंच्या नव्या कोऱ्या चमच्यानं खाल्लं: दोन ओघळ, थेट हनुवटीपर्यंत. मग छपराच्या चमच्यानं: कोरडी. त्यानं वस्तरा धोकटीत टाकून धोकटीला तीन गाठी मारल्या. पुरुषांची अख्खी ओळ हात पुढं करून उभी राहिली, ज्यांना मिशी नव्हती तेही. खिरीचं पातेलं फिरलं, चमचा फिरला, आणि ज्ञानदेवानं आपली पेन्सिलीएवढी मिशी टेकवून, आपलीबी कोरडीच, असं सांगितलं तेव्हा नीला हसता हसता खाली बसली.

आता सगळ्यांनी गिरजाबाईंकडं बघितलं. त्यांनी तोंडात खिरीचा मोठा घास घेतला आणि त्या घासामागून काहीतरी बोलल्या. ऐकू आलं नाही, असं चतुराबाई म्हणाली. गिरजाबाईंनी घास गिळला, पाणी प्यायल्या, लुगडं सारखं केलं.

"चतुराबाईला कळतं," त्या म्हणाल्या. "मला न्हाई कळत." आणि लगेच पुढं, "पर ह्या चमच्याचं काम सापडलं ते माज्यामुळं. चमच्यानं खावा असं मीच म्हटलं."

हे खोटं नव्हतं. चतुराबाईनं ते तोलून बघितलं, आणि तिला त्या बाईत पहिल्यांदाच आपल्यासारखं काहीतरी दिसलं. हरताना पण शेवटचा शब्द सोडायचा नाही.

तेवढ्यात रंभा रडायला लागली. सगळ्या गोंधळात जिचं उष्टावण तीच उपाशी होती. मामानं तिला मांडीवर घेतलं आणि विचारलं, कुठल्या चमच्यानं भरवू? पेटीतली चांदी जिंकली होती, तिचाच मान.

चतुराबाईनं छपराचा चमचा सोपानरावांच्या वाटीत परत ठेवला, गुलाबी कागदावरचा नवा चमचा धुऊन पदरानं पुसला आणि विहिणीच्या हातात दिला.

"तुमचाच घ्या, विहीणबाई," ती म्हणाली. "पोरीला मिशी न्हाई."

खीर भरवली. रंभानं ती जिभेवर घोळवली, आवडली की नाही ते ठरवलं, आणि दोन्ही मुठी वाटीत बुचकळल्या. सोपानराव नातीला बघायला कौतुकानं खाली वाकले. तिला समोर ते काळंभोर झुपकेदार काहीतरी दिसलं. तिनं दोन्ही मुठींनी ते पकडलं आणि खीर शेंड्यापासून शेंड्यापर्यंत माखली.

लांब कंपनीचा अडीचचा भोंगा झाला. सोपानराव तसेच वाकून राहिले, पोरगी सोडेना. चतुराबाईनं एका हातानं नातीच्या मुठी सोडवल्या आणि दुसऱ्या हातानं, दुसरीकडं बघत, सुनेला खाकी कपडे काढायला ओरडत, पदराचं टोक मिशीवरून फिरवलं.